चिनी लाईनची सून

गोंदियात कुणालाही विचारा, चिनी लाईन कुठं आहे म्हणून. आजची पोरं तुम्हाला सरळ स्टेशनाबाहेरच्या मंचुरियनच्या गाड्यांकडे पाठवतील. त्यांचाही दोष नाही. मालधक्क्यामागच्या त्या बोळात आता तांदळाची दोन गोदामं, मोबाईल दुरुस्तीचं एक दुकान आणि एक कोचिंग क्लास आहे. बोळाच्या टोकाला जोड्यांचं एक दुकान तेवढं जुनं, तेही कायमचं बंद. त्याच्या मागच्या खोलीत गुणवंताबाई ल्यू राहते. वय ब्याऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. माहेरची बिसेन, सडक अर्जुनीकडच्या पोवार शेतकऱ्याची पोर. चिनी लाईनीत आज उरलेलं चिनी घर म्हणायचं तर हे एकच, आणि त्यात राहणारी बाई चिनी नाही.

होळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी तिला टोरंटोहून तिच्या पुतणीचा फोन आला. पुतणी म्हणजे मोठ्या दिराची मुलगी. कागदावर नाव मेई-यिन, पण ती या बोळात दुडुदुडु धावत होती तेव्हा गुणवंतानं तिला मैना म्हणायला सुरुवात केली ती केलीच. ही मैनाही आता अडुसष्ट वर्षांची आहे.

"काकी, मैं दादाजी को लेने आ रही हूँ," मैना म्हणाली.

हिवाळ्यात मैनाचे वडील वारले होते. मरताना त्यांनी एकच सांगितलं, मला माझ्या बापाजवळ ठेवा. मुलांनी कलकत्त्याच्या चिनी कबरस्तानात घराण्याची समाधी बांधली. एका कोनाड्यात वडिलांची रक्षा ठेवायची, शेजारचा कोनाडा आजोबांच्या हाडांसाठी. एप्रिलमध्ये चिनी लोकांचे पितरांचे दिवस येतात, तेव्हाची तारीख ठरली होती, इथल्या कबरस्तानातून हाडं काढायच्या परवानगीचा कागदही आला होता.

"ये बाई," एवढंच गुणवंता म्हणाली आणि फोन नीतूच्या हातात दिला. फोन नीतूचाच. नीतू म्हणजे समोरच्या ऑटोवाल्या सुकरामची मुलगी. पाच वर्षांपूर्वी तिनं जोड्यांच्या दुकानाच्या जुन्या पाटीचा फोटो कुठंतरी टाकला, तो फिरत फिरत मैनाला दिसला, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी म्हातारीचा अर्धा तास ठरलेला. त्या अर्ध्या तासासाठी ती शनिवारी केस धुते. पुऱ्या जगात तिला काकी म्हणणारं माणूस ते एकच.

त्या दिवशी तिनं भाताला हात लावला नाही. कारण दादाजींना घेऊन जायला दादाजी तिथं नव्हतेच. ते तिनं स्वतःच्या हातानं केव्हाच बाहेर काढले होते. आणि त्यानंतर त्यांचं तिनं जे केलं ते पाच वर्षांच्या रविवारांत एकदाही तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

आता ही लाईन काय होती ते सांगायला हवं, नाहीतर म्हातारीचं दुखणं कळायचं नाही.

एकेकाळी इथं अकरा चिनी घरं होती. कलकत्त्याला बोटीतून उतरलेली माणसं रेल्वेच्या रुळाला धरून पश्चिमेकडे सरकत आली आणि काही गोंदियाला थांबली. जोडे करणारे चार, दात बसवणारे दोन, सुतार, सायकलवर रेशीम विकणारा एक. बिडीच्या शेठांपासून रेल्वेच्या गार्डापर्यंत सगळ्यांच्या पायांत चिनी लाईनचे जोडे असत. माघात यांचं नवं वर्ष यायचं, फटाके वाजायचे, आणि गावातली माणसं म्हणायची, यांची दिवाळी दरवर्षी लेट होते.

यातल्या ल्यूंच्या दुकानात गुणवंता सतराव्या वर्षी जोड्यांचा वरचा भाग शिवायला लागली. मावशीकडे शिवण शिकायला म्हणून आली होती, आणि शिकलेलं वापरायचं कुठं, तर शेजारीच काम होतं. म्हाताऱ्या ल्यूला सगळे बाबा म्हणत. त्यांचे दोन मुलगे. थोरला लग्न झालेला, मैनाचा बाप. धाकटा मिनू, कामात तरबेज आणि बोलण्यात कच्चा. त्या मुक्या माणसात या बोलक्या पोरीनं काय पाहिलं देव जाणे. एकसष्ट साली तिनं त्याच्याशी लग्न केलं. बापानं घरी तिच्या नावानं पाणी सोडलं आणि बारा दिवस सुतक पाळलं. तिसऱ्या महिन्यात त्याच बापाचे चिनी लाईनचे जोडे फाटले तेव्हा त्यानं ते दुसऱ्या गावच्या चांभाराकडे पाठवले, हे मात्र ती अजून हसून सांगते.

बासष्टला लढाई लागली. लढाई लागली हिमालयात आणि तिचा हिशेब मागितला गेला मालधक्क्यामागच्या बोळात. एका सकाळी पोलीस आले आणि थोरल्याला, त्याच्या बायकोला आणि सहा वर्षांच्या मैनाला राजस्थानात देवळीच्या छावणीत घेऊन गेले. बाबांना दमा म्हणून ठेवलं. मिनूला का ठेवलं ते कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. ज्यांच्या पायात बाबांनी केलेले जोडे होते त्यांच्यातल्याच काहींनी दुकानावर दगड मारले. दोन वर्षांत अकरापैकी दहा घरं रिकामी झाली. उरलेल्या घराला हुकूम होता, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही आणि दर आठवड्याला ठाण्यात सही करायची. चिन्याची बायको म्हणून गुणवंतालाही. साता पिढ्या याच मातीत भात रोवणाऱ्या घरची पोर, तिला ठाण्यात परदेशी म्हणून हजेरी द्यावी लागली. मला विचाराल तर याची लाज अजून कोणाला तरी वाटायला हवी.

थोरला परत आलाच नाही. छावणीतून सुटून तो कलकत्त्याला गेला आणि पुढं कॅनडाला. बाबा चौसष्टला गेले. शेवटचं दीड वर्ष ते गुणवंताच्या हातानं जेवले. मिनूनं आणि सुकरामच्या बापानं त्यांना गावाबाहेरच्या चिनी कबरस्तानात पुरलं.

पण ल्यूंच्या लोकांत माणूस पुरला म्हणजे काम संपत नाही. सात वर्षांनी त्याला बाहेर काढायचं, एकेक हाड धुऊन दारूनं पुसायचं आणि बरणीत ठेवायचं, खाली पाय आणि वर डोकं, म्हणजे माणूस आत बसल्यासारखा होतो. मग बरणी घरी न्यायची, आपल्या गावाला. हे काम थोरल्या मुलाचं. थोरला नव्हता. एकाहत्तर साली मिनू कुदळ घेऊन गेला, पण खाली बापाचं पाऊल दिसलं आणि त्याचे हात थरथरायला लागले ते थांबेनात. तेव्हा गुणवंता खाली उतरली. तिच्या माहेरी बाई मसणात पाय ठेवत नाही. ही तिथं भरदिवसा बसली, मिनू सांगत गेला आणि ती एकेक हाड मोहाच्या दारूनं पुसत गेली, कारण गोंदियात तेवढीच मिळाली. बरणी तिच्या घरचीच, चिनी मातीची, तोवर तिच्यात आंब्याचं लोणचं व्हायचं.

ती बरणी अठरा वर्षं दुकानात कातडं कापायच्या टेबलाखाली राहिली. बाबांना कलकत्त्याला न्यायचं म्हणून मिनूनं परवानगीचे अर्ज केले, उत्तर एकाचंही आलं नाही. पुढं नियम सैल झाले तेव्हा मिनूची छाती बिघडली होती. एकोणनव्वदला तो गेला. जाताना म्हणाला, "बाबाले घरी पोचव."

घरी म्हणजे कुठं, ते विचारायच्या आत तो गेला.

तिनं कलकत्त्याच्या जुन्या पत्त्यावर तीन पत्रं टाकली. तिन्ही परत आली. कित्येक महिने तिनं रात्रंदिवस तोच विचार केला. तिच्या लोकांत मेलेल्याची हाडं अशी घरात ठेवत नाहीत, पाण्याला लावतात, नाहीतर जीव अडकून राहतो. आणि तिच्या डोळ्यासमोर म्हातारा अठरा वर्षं लोणच्याच्या बरणीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. शाळेत ती शिकली होती की वैनगंगा पुढं जाऊन गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला. बाबा समुद्रावरूनच आले होते. कार्तिकात एका सकाळी ती बरणी मांडीवर घेऊन एसटीत बसली आणि घाटावर जाऊन तिनं बाबांना वैनगंगेत सोडलं. आपल्या घरच्या माणसाचं करावं तसं. रिकामी बरणीही पाण्यात सोडली आणि घरी येऊन पहिल्यांदा गाढ झोपली.

चुकलं होतं ते हे. ल्यूंच्या लोकांत हाडं म्हणजेच घराणं. ती जपायची, त्यांच्यासमोर नातवंडांनी दरवर्षी वाकायचं. वाहत्या पाण्यात गेलेला पूर्वज कायमचा गेला, त्याला घर नाही. हे तिला कळलं तीस वर्षांनी, एका रविवारी मैनाच्या बोलण्यातून. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण अर्ध्या तासात पंचवीस मिनिटं गेली होती, आणि नंतरच्या प्रत्येक रविवारी तिला वाटायचं, आज सांगितलं तर पुढचा रविवार येईल का?

फोन आल्यावर तिनं फक्त सुकरामला सांगितलं. सुकरामनं बिडी विझवली आणि थोडा विचार केला.

"मावशी, तू कायले बोलतेस? साठ वर्ष झाले. आपन खंदून पाहू, काई नाई निंघलं तं म्हनू माती झाली. थे मूठभर माती घेऊन जाईन बिचारी."

यात खोट काढायला जागा नव्हती. मैनानंच एकदा सांगितलं होतं, हाडं नाही सापडली तर त्या जागची माती नेतात, तीही चालते. म्हणजे म्हातारीनं नुसतं गप्प बसायचं होतं. आयुष्यभर जी गोष्ट तिला जमली नव्हती तेवढीच करायची होती.

मैना आली ती नागपूरहून गाडी करून. आखूड पांढरे केस, गुडघ्याला पट्टा, आणि छातीशी धरलेली एक कोरी बरणी, कलकत्त्याहून मागवलेली. दारातच तिनं गुणवंताला मिठी मारली आणि बासष्ट वर्षांनंतरही तिच्या तोंडून गोंदियाचीच हिंदी निघाली. "काकी, तुम तो सूख गयीं." दोघी रडल्या, मग जेवल्या. मैनानं भात तीनदा घेतला. जेवताना म्हणाली, "पापा हर साल इन दिनों रोते थे. बोलते थे, बड़ा बेटा मैं, और मेरा बाप गोंदिया की मिट्टी में अकेला पड़ा है."

ते गुणवंताला लागलं. अकेला? दीड वर्ष मी घास भरवला त्याला. एकेक बोट पुसलं मी त्याचं. तिनं मैनाच्या ताटात आणखी वरण वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकरामच्या ऑटोतून तिघं कबरस्तानात गेली. मोजून अकरा थडगी, वाढलेलं गवत, एक पळसाचं झाड. बाबांच्या शेजारीच मिनूचं थडगं. मैनानं उदबत्त्या लावल्या, संत्री मांडली, तीनदा वाकली. मग सुकरामकडे पाहून तिनं मान हलवली. सुकरामनं गुणवंताकडे पाहिलं आणि कुदळ उचलली.

"थांब रे," गुणवंता म्हणाली.

का म्हणाली? मी तिला हे नंतर विचारलं आहे. तिनं सांगितलं, खोटं बोलायची भीती नव्हती, देवाचीही नव्हती. पण ही पोर मूठभर रिकामी माती घेऊन जाणार, तिच्यापुढं जन्मभर वाकणार आणि म्हणत राहणार की दादाजी इथं एकटे पडले होते, ते तिच्यानं सहन होईना. आयुष्यात तिनं एकच मोठं काम केलं होतं, आणि ते कोणाला कळणारच नव्हतं.

"बाबा नाई तठी," ती मैनाला म्हणाली. "मीच काढलं त्याइले. धुतलं, पुसलं, बरनीत बसवलं, अठरा वर्ष घरात ठेवलं. आन मंग वैनगंगेत सोडलं."

मैनाला मराठी कळायची, पण तिनं पुन्हा विचारलं. गुणवंतानं पुन्हा सांगितलं, या खेपेला हिंदीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अर्ज, पत्रं, एसटी, घाट. काही वगळलं नाही.

"नदी में?" मैना म्हणाली. "मेरे दादाजी को नदी में बहा दिया? किससे पूछा? पापा ज़िंदा थे, भाई थे, मैं थी. तुम कौन होती थीं ये करनेवाली?"

"सून होती," गुणवंता म्हणाली. "कोनाले इचारू, मैना? पुऱ्या लाईनीत मीच होती."

मैना पळसाखाली जाऊन पाठमोरी उभी राहिली. उदबत्त्या अर्ध्यावर आल्या. सुकराम कुदळीच्या दांड्यावर रेलून जमिनीकडे पाहत होता. गुणवंता मिनूच्या थडग्याशी बसली आणि तिनं मनातल्या मनात रविवारांवर पाणी सोडलं.

बऱ्याच वेळानं मैना परत आली. डोळे लाल, आवाज कोरडा. मिनूच्या थडग्याकडे बोट करून तिनं विचारलं, "और काका? पैंतीस साल हो गए. काका को क्यों नहीं निकाला?"

हा प्रश्न गुणवंताला अनपेक्षित होता. तिनं दगडावरची माती हातानं पुसली.

"पह्यल्याचं बरोबर झालं का चुकलं, थेच कोनी सांगाले नव्हता," ती म्हणाली. "मंग दुसऱ्याले हात कसा लावू? तुमच्यातलं कोनी येईन, सांगीन, मंग काढू म्हटलं. हे तवापासून वाट पाहून राहिले."

मैना खाली बसली, दुखऱ्या गुडघ्यासकट, सरळ मातीत. तिनं गुणवंताचा हात धरला नाही की तिला मिठी मारली नाही. समोर पाहत बोलत राहिली.

"दादाजी का मैं माफ़ नहीं कर सकती, काकी. वो जगह मेरे पापा ने माँगी थी. पर तुमने धोया तो सही. पापा से तो वो भी नहीं हुआ." मग म्हणाली, "काका पापा के ही भाई हैं. उस जगह पे काका बैठेंगे."

गुणवंताचा हात दगडावरच थांबला. पस्तीस वर्षं दर अमावास्येला ती या दगडाशी येऊन बसली होती. मिनू गेला तर तिच्यासाठी गोंदियात काय उरणार?

"आन मी?" तिनं विचारलं.

"जगह बड़ी है. दो बरनी आराम से आएँगी."

सुकराम खाकरला. "पन मावशी, कागद तं बुढ्याच्या नावाचा हाये."

"आडनाव एकच हाये ना? खंद तू," गुणवंता म्हणाली. म्हातारीची जीभ ठिकाणावर आली होती.

ऊन चढेपर्यंत सुकराम खणत होता. मग तो बाजूला झाला. मैनानं बाह्या वर केल्या, हातातल्या बांगड्या काढून पिशवीत टाकल्या, आणि पिशवीतून दारूची बाटली आणि पांढरं कापड काढलं. तिनं आयुष्यात हे काम कधी केलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. ती खड्ड्याच्या काठावर वाकली आणि तिचे हात थरथरायला लागले, अगदी तिच्या काकाचे थरथरले होते तसेच.

"कहाँ से शुरू करना है, काकी?"

गुणवंता तिच्याशेजारी खाली बसली आणि तिनं तो थरथरणारा हात आपल्या हातात घेतला.

"पायापासून," ती म्हणाली. "आन नीट पाहून ठेव. माह्या वक्ती सांगाले मी नाई राहणार."